यामाहा वायएएस-२८० : नवशिक्याचा आल्टो सॅक्सोफोन, चौदा महिन्यांच्या वापरानंतर

मी नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. आमच्या विभागात नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली जाते : नग रिजेक्ट करण्यापूर्वी ज्या साधनाने तो मोजला ते साधन तपासून घ्यावे, कारण मायक्रोमीटरच खोटे बोलत असेल तर चांगला माल भंगारात जातो आणि मशीनवरच्या ऑपरेटरला विनाकारण बोलणी खावी लागतात. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी सॅक्सोफोन शिकायला घेतला तेव्हा हा नियम मी कारखान्याच्या गेटवरच ठेवून आलो. हे परीक्षण यामाहाच्या वायएएस-२८० या आल्टो सॅक्सोफोनचे आहे. परंतु त्याचे मोल मला ज्यामुळे कळले ते त्याच्या आधी घेतलेले वाद्य असल्याने सुरुवात तिथून करणे भाग आहे.

ते पहिले वाद्य मी घरबसल्या मागवले होते. बनवणाऱ्याचे नाव सांगून उपयोग नाही, कारण तसाच माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. यामाहाच्या नव्या वाद्याच्या पाव किमतीत ते आले आणि सोबत पांढरे हातमोजे, पुसायचे फडके, गळ्यात अडकवायचा पट्टा असा सगळा सरंजाम होता. दिसायला ते इतके झळझळीत होते की दोन दिवस आम्ही ते दिवाणखान्यात शोभेला ठेवले. वाजवायला घेतल्यावर मात्र एक गोष्ट लगेच लक्षात आली. डाव्या हाताच्या तीन बोटांनी निघणारे बी, ए, जी हे सूर बऱ्यापैकी निघत. तिथून उजव्या हाताची बोटे एकेक करून ठेवत एफ, ई, डी असे खाली उतरू लागलो की आवाज घोगरा होत जाई, आणि खालच्या सी पर्यंत पोहोचलो की एकतर नुसती हवा निघे किंवा सूर टुणकन उडी मारून वरच्या सप्तकात जाऊन बसे.

नवशिक्याच्या मनात अशा वेळी वाद्याबद्दल शंका येत नाही, स्वतःबद्दल येते. माझी फुंक कमी पडते असे धरून मी पहाटे उठून प्राणायाम सुरू केला, ओठांची ठेवण आरशात पाहून बदलली, तीन प्रकारच्या रीड, म्हणजे फुंकताना थरथरणाऱ्या वेताच्या पट्ट्या, विकत घेतल्या. पत्नीने एकदा स्वयंपाकघरातून सांगितले होते, ‘अहो, सिलिंडरला गळती आहे का ते बघतात ना, तसं याला साबणाचं पाणी लावून बघा एकदा.’ मी हसलो. त्या घरात गळती शोधण्याचे काम व्यवसाय म्हणून करणारा माणूस मी होतो, आणि निदान तिने केले होते.

त्या निदानावर शिक्कामोर्तब झाले ते देवळाली कॅम्पमध्ये. सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेले एक सर तिथे घरी मोजक्याच विद्यार्थ्यांना शिकवतात. नवे विद्यार्थी घेण्याची त्यांची तयारी नसल्यामुळे अधिक तपशील देत नाही. त्यांनी माझा खालचा सी दोन वेळा ऐकला, माझ्या हातातून वाद्य घेतले, स्वतः वाजवून पाहिले आणि काही न बोलता खोलीतला दिवा मालवला. मग दिवाळीच्या एलईडी माळेचा एक तुकडा वाद्याच्या मानेच्या, म्हणजे वरच्या वाकड्या नळीच्या, जागेवरून आत सोडला, एकेक किल्ली हलक्या हाताने मिटली आणि मला जवळ बोलावले. उजव्या हाताच्या बोटांखालच्या दोन पॅडच्या, म्हणजे भोकांवरच्या झाकणांच्या, कडेला प्रकाशाची बारीक चंद्रकोर दिसत होती. तिसरी, त्याहून बारीक, जी शार्पच्या पॅडखाली होती. सर म्हणाले, ‘तीन महिने स्वतःला शिव्या दिल्यात ना? आता थोड्या याला द्या.’

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण सॅक्सोफोन विकत घेताना तेच तपासायचे असते. हे वाद्य म्हणजे वरून खाली रुंद होत जाणारी एक शंकूच्या आकाराची नळी असते आणि तिच्या अंगावर लहानमोठी भोके असतात. बोटांनी भोके बंद करत गेले की आतला हवेचा स्तंभ लांबत जातो आणि सूर खाली उतरतो. बासरीत भोक बंद करायला बोटाचे मांस पुरते. इथे भोके बोटापेक्षा कितीतरी मोठी असल्यामुळे चामड्याची गादी बसवलेली झाकणे, म्हणजे पॅड, ते काम करतात. खालचा सी वाजवायचा तर त्याच्या वरची सगळी पॅड एकाच वेळी काठोकाठ बसली पाहिजेत. वरच्या एकाही पॅडखाली केसाएवढी फट राहिली तरी नळीला तिथे एक छोटे भोक उघडे असल्यासारखे वाटते आणि खालचा सूर फाटतो. अनुभवी वादक ओठ आणि घसा सांभाळून अशा फटीवर मात करतो. नवशिक्याला ते जमत नाही आणि आपल्याला ते का जमत नाही हेही कळत नाही. त्यामुळे हलक्या प्रतीचे वाद्य नवशिक्याला चालते हा समज मला आता पूर्ण उलटा वाटतो. गळके वाद्य उस्तादाला चालेल एकवेळ, नवशिक्याला नाही.

यानंतर सरांच्या सल्ल्याने मी २८० घेतला. विद्यार्थ्यांसाठीच्या या मालिकेत पूर्वी २३ आणि नंतर २७५ हे क्रमांक होते. त्यांतले जपून वापरलेले वाद्य मिळाले असते तरी घेतले असते, पण दोन महिने वाट पाहूनही मनासारखे मिळाले नाही. नव्या वाद्याला साधारण एका नव्या दुचाकीइतके पैसे पडले, आणि घरात त्यावर जी चर्चा व्हायची ती झाली. नाशकात मेन रोड आणि शालिमार भागातल्या ज्या दुकानांत मी चौकशी केली तिथे हार्मोनियम, तबले, गिटार आणि कीबोर्ड समोर मांडलेले होते, सॅक्सोफोन मात्र मागवून देऊ असे उत्तर मिळाले. न वाजवता घ्यायचे नाही असे ठरवले असल्याने मी सरांना घेऊन मुंबईला गेलो आणि तिथल्या विक्रेत्याकडे एकाच नमुन्याची दोन वाद्ये वाजवून त्यांतले एक निवडले. दोघांत फरक इतका कमी होता की निवड केली असे म्हणणेही थोडे जास्तच होईल.

घरी आणल्यावर मी आधी ते वाजवले नाही, तपासले. किल्ल्यांच्या लांब दांड्या चिमटीत धरून बाजूला हलवून पाहिल्या, तर बोटाला जाणवेल इतकी ढिलाई कुठेही नव्हती. सिगारेटचा पातळ कागद पट्टीसारखा कापून प्रत्येक पॅडच्या चारही बाजूंना धरला आणि किल्ली मिटून ओढला. आम्ही फट मोजायला फीलर गेजच्या पातळ पट्ट्या वापरतो तीच ही रीत. ओढ सगळीकडे सारखी लागली. मानेचा सांधा अंगात घट्ट बसतो आणि स्क्रू अर्धा फेरा फिरवताच अडकतो. उजव्या अंगठ्याखालची आकडी हाताच्या ठेवणीप्रमाणे सरकवता येते, ही गोष्ट कागदावर किरकोळ वाटली तरी तासभर सराव करणाऱ्याच्या मनगटाला ती किरकोळ नसते. पहिल्या वाद्यात डाव्या करंगळीच्या किल्ल्या इतक्या कडक होत्या की करंगळी दुसऱ्या दिवशी ठणके. इथे स्प्रिंगांचा ताण सगळ्या बोटांना साधारण सारखाच लागतो. आणि मग फुंकले. खालचा सी पहिल्याच संध्याकाळी आला, फारसा गोड नाही, पण पूर्ण. मी तो इतक्या वेळा वाजवला की मुलीने येऊन विचारले, ‘बाबा, दुसरा सूर नाहीये का याला?’

दुसरे सूर होते, आणि त्यातल्या एकाने मला माझी जागा दाखवली. सॅक्सोफोनवर मधला सी फक्त डाव्या हाताच्या मधल्या बोटाने वाजतो. त्याच्या लगेच पुढचा डी वाजवायला दोन्ही हातांची मिळून सहा बोटे आणि शिवाय डाव्या अंगठ्याने दाबायची, सूर वरच्या सप्तकात नेणारी ऑक्टेव्हची किल्ली लागते. म्हणजे एका बोटावरून एकदम सहा बोटांवर जायचे, आणि तेही सगळी बोटे एका क्षणी पडली पाहिजेत. एखादे बोट मागे राहिले की मध्येच तिसराच सूर चुकचुकतो. पहिल्या वाद्यावर हे होत असे तेव्हा मी गळतीला दोष देऊ शकलो असतो. २८० वर ती सोय राहिली नाही. दोन आठवडे फक्त सी-डी, सी-डी असे घोटल्यावर बोटे एकत्र पडू लागली. या वाद्याची शिफारस करण्याचे माझे मुख्य कारण हेच आहे : सूर चुकला तर तो कोणी चुकवला याबद्दल ते संशयाला जागा ठेवत नाही.

हिंदुस्थानी संगीताची थोडीफार पार्श्वभूमी असलेल्या नाशिककराला इथे आणखी एक गोष्ट माहीत असावी, जी मला कोणीही दुकानात सांगितली नाही. आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचे वाद्य आहे. त्यावर सी म्हणून जो सूर वाजतो तो पियानोवरचा ई फ्लॅट असतो, म्हणजे हार्मोनियमच्या भाषेत काळी दोन. मोबाइलवरच्या ट्यूनरसमोर मी पहिल्यांदा सी वाजवला आणि पडद्यावर डी शार्प उमटला तेव्हा हेही वाद्य बिघडलेले निघाले की काय अशा भीतीने पोटात गोळा आला होता. सारखाच सूर, दोन नावे, एवढाच तो प्रकार. याचा फायदा असा की काळी दोनला तंबोरा लावून सी ला सा मानले तर शुद्ध स्वरांचे सप्तक एकही जादा किल्ली न दाबता वाजते आणि भूपासारखा राग पहिल्या दोन महिन्यांत हाताखाली येऊ शकतो. गंमत अशी की खालच्या सा पासून सुरुवात केली तर भूप सरळ चढतो, पण तार सा ओलांडून पुढच्या रे वर जायचे म्हटले की तोच सी-डीचा उंबरठा आडवा येतो. गायनात सा-रे इतके सोपे काही नाही; इथे ती जागा घाटातल्या वळणासारखी आहे.

अडचण येते ती दुसऱ्यांबरोबर वाजवताना. आमच्या सोसायटीत गणपतीच्या आरतीला हार्मोनियम पांढरी एकमध्ये वाजते. पांढरी एकचा सा आल्टोवर ए होतो आणि ए पासूनच्या शुद्ध सप्तकात तीन शार्प येतात : सी शार्प, एफ शार्प आणि निषादाच्या जागी जी शार्प. पुरुष गायक पुष्कळदा काळी एक धरतात. तिचा सा बी फ्लॅट होतो, आणि तो डाव्या तर्जनीने दोन किल्ल्या एकदम दाबून घेता येतो म्हणून मला तो उलट सोयीचा वाटतो. ज्यांना मुख्यतः भजने, आरत्या किंवा गाण्याची साथ करायची आहे त्यांनी वाद्य घेण्यापूर्वीच आपल्या मंडळात कोणती पट्टी चालते ते पाहावे. टेनर सॅक्सोफोन बी फ्लॅटचा, म्हणजे त्याचा सी काळी पाच. पण तो वजनाला जड आणि फुंकेला खर्चिक. सरळ, सनईसारखा दिसणारा सोप्रानो पुष्कळांना मोहवतो, मात्र त्याचे सूर ओठांच्या जराशा हालचालीने सरकतात. आल्टोने सुरुवात करावी हे सरांचे मत मला पटले.

जी शार्पचा उल्लेख आला आहे तर त्याचे गाऱ्हाणेही मांडतो. ते कोणा एका कंपनीचे नव्हे, सॅक्सोफोन जातीचे आहे. इतर बहुतेक किल्ल्या बोटाच्या जोराने हलतात. जी शार्पची रचना वेगळी आहे : डाव्या करंगळीने किल्ली दाबली की ती पॅडला उचलत नाही, पॅडला दाबून ठेवणारी दांडी फक्त बाजूला करते, आणि पॅड उघडण्याचे काम एका नाजूक स्प्रिंगवर सोपवलेले असते. पॅड थोडे जरी चिकटले तरी त्या स्प्रिंगची ताकद पुरत नाही. करंगळी दाबलेली, मनात जी शार्प, आणि कानावर जी. पहिल्या पावसाळ्यात जुलैच्या अखेरीस हे रोज होऊ लागले आणि मी पुन्हा ओठ, श्वास, रीड यांकडे संशयाने पाहू लागलो, कारण जुनी सवय लवकर जात नाही.

उपाय सापडला तो जुन्या नाशकातल्या एका बँडमास्तरांकडे. लग्नसराईत क्लॅरिनेट वाजवणारे हे गृहस्थ आमच्या कारखान्यातल्या एका फिटरचे काका लागतात. त्यांनी वाद्य हातात घेतले, जी शार्पची किल्ली दोनदा दाबली, पॅड सुटताना होणारा बारीक ‘चप’ असा आवाज कान देऊन ऐकला आणि मला विचारले, ‘भाऊ, चहा पिऊन वाजवता ना?’ मी होय म्हणालो. कारखान्यात पाळी संपल्यावर कटिंग घ्यायचा आणि मग सराव करायचा असा माझा रोजचा क्रम होता. ‘मग साखर आहे ही. तुमच्या फुंकेतून आत जाते, पॅडवर वाळते. चूळ भरत जा.’ मग त्यांनी सिगारेटचा कागद पॅडखाली ठेवला, किल्ली हलकेच मिटली आणि कागद न फाडता अलगद ओढून घेतला. असे चार वेळा. कागदाची डिंक असलेली कड पॅडला लागू द्यायची नाही, एवढीच काळजी. पावडर टाकू का, असे मी विचारल्यावर ते म्हणाले की पावडर आज सुटते आणि उद्या चिखल होते. तेव्हापासून चूळ भरणे, वाजवून झाल्यावर आतून फडके ओढणे आणि पेटी मिटण्यापूर्वी जी शार्पखाली कागद ठेवणे, हा नेम मी पाळतो. परवाच्या पावसाळ्यात पॅड दोनदाच चिकटले.

मास्तरांची आणि सरांची एकमेकांशी ओळख नाही, पण दोघांचे हात एकाच परंपरेतून आले आहेत असे मला वाटते. बेल्जियममधल्या दिनां गावी १८१४ साली जन्मलेल्या अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिसला या वाद्याचे पेटंट घेतले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर लष्करी बँडच होते. अंग पितळी असूनही या वाद्याची गणना क्लॅरिनेटबरोबर लाकडी सुषिर वाद्यांत होते, कारण आवाज पितळेतून नव्हे तर वेताच्या एका पातळ रीडमधून जन्मतो. आपल्याकडे कद्री गोपालनाथ यांनी त्यावर कर्नाटक संगीत उभे केले, मनोहारी सिंग यांनी हिंदी चित्रपटसंगीतात त्याला घरोघरी पोहोचवले. तरी नाशिकसारख्या शहरात ते आजही सर्वाधिक ऐकू येते ते वरातीतच, आणि त्याची देखभाल जाणणारी माणसेही तिथेच भेटतात. दुकानदाराला जे सांगता आले नाही ते मास्तरांनी चहाच्या एका प्रश्नात सांगितले.

वाद्यासोबत जे काळे ४सी माउथपीस, म्हणजे तोंडात धरून फुंकायचा भाग, येते ते नवशिक्यासाठीच घडवलेले असून पहिले वर्षभर ते बदलण्याचा विचारही करू नये, असे माझे मत आहे. सरांनी शिकवणीचे पहिले दोन आठवडे मला अख्खे वाद्य हातात घेऊ दिले नाही. फक्त माउथपीस आणि मान जोडून फुंकायला लावले. वरचे दात माउथपीसवर टेकवायचे, खालचा ओठ दातांवर किंचित दुमडायचा आणि गाल न फुगवता एकच सूर धरायचा. त्या जोडणीतून आल्टोचा जो सूर निघायला हवा तो साधारण काळी चार असतो. हार्मोनियमची ती पट्टी दाबून ठेवायची आणि आपला सूर तिच्यात मिसळेपर्यंत ओठ सैल किंवा घट्ट करायचे. माझा सूर सतत चढा लागत असे, म्हणजे मी दातांनी चावत होतो. हा सराव कंटाळवाणा आहे आणि शेजाऱ्यांना तर असह्य आहे, पण ओठ बसतात ते यानेच.

रीड हा मात्र कायमचा खर्च आहे. बोरूसारख्या वेताची ही पट्टी टोकाला कागदाइतकी पातळ तासलेली असते आणि तिच्या कडकपणाला क्रमांक असतात. मी दोन क्रमांकाने सुरुवात केली आणि आता अडीचवर आलो आहे. क्रमांक वाढला म्हणजे प्रगती झाली असे मात्र नसते, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे क्रमांक एकमेकांशी जुळतही नाहीत. दहांच्या डबीतल्या तीन-चार उत्तम, तितक्याच बऱ्या आणि उरलेल्या नशिबाच्या, हा माझा आजवरचा हिशेब आहे. एका रीडला साधारण दोन-तीन मिसळींचे पैसे पडतात हे लक्षात घेता मी चार रीड आळीपाळीने वापरतो आणि वाजवून झाल्यावर पुसून सपाट डबीत ठेवतो. नाशिकचा एप्रिल-मे कोरडा असतो तेव्हा रीडचे टोक लाटेसारखे वळते आणि भिजवल्याशिवाय ती बोलतच नाही. हिवाळ्याचा त्रास वेगळा आहे. जानेवारीतल्या पहाटे थंडी दहा अंशांच्या खाली गेलेली असताना वाद्य पेटीतून काढून लगेच वाजवले तर सूर चांगलाच खाली लागतो, कारण थंड हवेत ध्वनीचा वेग कमी असतो. अशा वेळी माउथपीस मानेच्या कॉर्कवर आत सरकवून सूर चढवण्याचा मोह होतो. तो टाळून आधी पाच मिनिटे नुसती ऊबदार हवा आत सोडावी. वाद्य तापले की सूर आपोआप वर येतो, नाहीतर पंधरा मिनिटांनी पुन्हा माउथपीस बाहेर काढत बसावे लागते.

वजनाबद्दल थोडे. आल्टो सुमारे अडीच किलोचा असतो आणि साध्या पट्ट्याने तो सगळा भार मानेवर येतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी खांद्यांवरून जाणारा दुहेरी पट्टा वेगळा घ्यावा. मी तो तिसऱ्या महिन्यात घेतला आणि आधीच घ्यायला हवा होता. पेटी पाठीवर अडकवता येते, ही दुचाकीवर फिरणाऱ्यांसाठी मोठी सोय आहे. दर रविवारी सातपूरहून त्र्यंबक नाका, द्वारका, नाशिक रोड असे करत देवळालीला जाताना द्वारकेच्या गर्दीत ती पेटी कितीतरी वेळा रिक्षाला घासली, पण आतल्या वाद्याला ओरखडा नाही. फक्त उन्हाळ्यात गाडी लावून पेटी उन्हात ठेवू नये.

आवाजाचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर विकत मिळणारा उपाय मला दिसत नाही. सॅक्सोफोनचा आवाज घंटेतून, म्हणजे खालच्या रुंद तोंडातून, जितका बाहेर पडतो तितकाच उघड्या भोकांतूनही पडतो, त्यामुळे तोंडाशी फडके कोंबून फारसा फरक पडत नाही, उलट खालचे सूर बिघडतात. इंदिरानगरच्या आमच्या इमारतीत संध्याकाळी सात ते साडेसात एवढीच मुभा आहे. ती मुभा मिळाली तीही वरच्या मजल्यावरच्या आजींनी मध्यस्थी केली म्हणून. त्यांचा नातू ताशा वाजवतो. उरलेला सराव कारखान्यातल्या स्टोअरमध्ये होतो. लोखंडी रॅकमध्ये आवाज घुमतो, तरी तिथे हरकत घेणारे कोणी नाही.

चौदा महिन्यांत २८० चे एकही पॅड बदलावे लागलेले नाही. मानेच्या कॉर्कला ग्रीस लावणे आणि वर्षातून एकदा दांड्यांना थेंबभर तेल, एवढीच देखभाल झाली. सोनेरी मुलामा अंगठ्याच्या जागी किंचित मंद झाला आहे, तो घामाने होतोच. आवाजाबद्दल बोलायचे तर तो स्वच्छ आणि सर्व सप्तकांत एकसारखा आहे. ज्यांच्या कानात जॅझमधला खरखरीत, धुरकट आवाज बसला आहे त्यांना तो सुरुवातीला थोडा शहाण्या मुलासारखा वाटेल. सरांनी माझ्याच वाद्यावर, माझ्याच माउथपीसने तो धुरकट आवाज काढून दाखवला आहे, तेव्हा ती तक्रार मी मागे घेतली.

आठवड्याला तीन-चार तास देण्याची तयारी असेल आणि सूर ऐकून चूक सांगणारे कोणी भेटले असेल तर हे वाद्य डोळे मिटून घ्यावे. इतके पैसे एकदम गुंतवणे शक्य नसेल तर याच मालिकेतले जुने वाद्य जाणकाराला सोबत नेऊन आणि आत दिवा सोडून पाहून घ्यावे. त्याच पैशांत मिळणाऱ्या नव्या, चकचकीत आणि नाव नसलेल्या वाद्यापेक्षा ते केव्हाही बरे. सहा महिन्यांत लग्नात वाजवायचे आहे असा हिशेब असेल तर कोणतेच वाद्य घेऊ नये.

आमच्या विभागात काचेच्या कपाटात रिजेक्ट झालेल्या नगांचे नमुने लेबल लावून ठेवलेले असतात, म्हणजे नव्या मुलांना दोष ओळखता येतो. माझे पहिले वाद्य सरांनी त्याच कामासाठी मागून घेतले आहे. पॅड बदलण्याचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा अधिक येत होता. आता नवा विद्यार्थी पहिल्या दिवशी आला की सर दिवा मालवतात, त्यात माळ सोडतात आणि त्या तीन चंद्रकोरी त्याला दाखवतात.